मधला माणूस कशाला?

एरवी या सदराकडे येणारे प्रश्न पोटापाण्याचे असतात. दोदोलात गूळ किती घालायचा, नेवऱ्या तुमच्याकडे नाताळात कशा आल्या, वाटेवरच्या खुरसाला (क्रूसाला) हार कोण घालतं. गेल्या महिन्यात ईस्टरच्या आदल्या रात्रीबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: ख्रिस्त हा देव आणि माणूस यांच्यामधला एकच मध्यस्थ, अशी आमची श्रद्धा आहे. त्या वाक्याने माझं टपाल वाढवलं. मी वेंगुर्ले तालुक्यात तीस वर्षं मराठी शिकवलं, रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. त्यामुळे समजावून सांगायची खोड आहे. पण मी धर्मपंडित नव्हे. चूक झाली तर आमचे फादर हा अंक वाचतात, ते कान धरतील.

कुडाळहून एक भगिनी लिहितात: "शेजारणीच्या सासऱ्यांना जाऊन महिना झाला, त्या मिस्साला गेले होते. तिथेही हेच ऐकलं, एकच मध्यस्थ. मला खटकलं. मी रोज तुळशीला पाणी घालताना देवाशी सरळ बोलते. देव दयाळू आहे ना? मग मधला माणूस कशाला? कचेरीत काम अडलं की ओळखीचा गाठावा लागतो, तसलाच प्रकार का हा? राग मानू नका."

राग कसला! ही शंका मला पंधराव्या वर्षी आली होती, फक्त विचारायची छाती नव्हती.

निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. मध्यस्थ म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? जमिनीचा दलाल, स्थळं आणणारा, नाहीतर बंदरावर माशांचा लिलाव पुकारणारा. तिघेही मधल्या मधे आपला वाटा काढतात. घेणारा आणि विकणारा थेट भेटले की यांचं दुकान बंद, म्हणून दोघं लांब राहिलेलीच यांना बरी. तुमच्या मनात हा माणूस असेल तर तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी तुमच्याच बाजूची.

पण आपल्याकडे आणखी एक मधला माणूस असतो, गाऱ्हाणं घालणारा. लहानपणी मैत्रिणीबरोबर मी देवळाच्या आवारात उभी राहून ते ऐकलंय. मानकरी हातात नारळ घेऊन 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात करायचा. मग मुंबईला गेलेल्या पोरांची नोकरी, कुणाचं आजारपण, कुणाची रखडलेली सोयरीक, पाऊसपाणी, सगळं एका सुरात. दर वाक्याला मागून शेपन्नास माणसं 'होय म्हाराजा!' मला त्या आरोळीची फार मजा वाटायची. घरी येऊन मी बाबांना विचारलं, एकच माणूस का बोलतो? देवाला बाकीच्यांचं ऐकू येत नाही? बाबा रंधा मारत होते. ते सुतार, होड्यांची कामंही करायचे. मान वर न करता म्हणाले, "देवाक आयकाक येता गो. आमकाच बोलाक येणा नाय."

हे उत्तर मला नंतर बायबलमध्ये जसंच्या तसं भेटलं. निर्गमाच्या पुस्तकात सिनाय डोंगर धुमसतोय, गडगडाट चाललाय, आणि इस्राएली लोक मागे सरकून आपल्या पुढाऱ्याला, मोशेला, सांगतात, तूच आमच्याशी बोल, देव नको, नाहीतर आम्ही मरू. देव बोलायला तयार आहे, पाय मागे घेतलेत ते माणसांनी. ईयोबाचं पुस्तक याच्या पुढे जातं. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं, आणि हा राखेत बसून देवाशी भांडतोय. नवव्या अध्यायात तो तक्रार करतो की आम्हा दोघांवर हात ठेवील असा कोणी आमच्यामध्ये नाही. दोघांवर हात! म्हणजे त्याचा हात दोन्हीकडे पोचला पाहिजे. गाऱ्हाणं घालणारा गावातलाच एक. गावाच्या वतीने तो बोलतो, पण देवाच्या वतीने गावाला काही सांगायचा अधिकार त्याला नसतो. त्यासाठी कौल वेगळा लावावा लागतो.

आता आमच्या घरचीच एक गोष्ट सांगते. तिच्याशिवाय मला हा विषय समजावता येत नाही.

मी चौथीत होते. आमच्या मामाच्या आणि बाबांच्या चुलतभावाच्या, म्हणजे काकाच्या, बागा लागून होत्या. मध्ये जांभ्या दगडाचा गडगा. काकाने मे महिन्यात मामाचा एक फणस तोडला, सावली काजूंवर पडते म्हणून. न विचारता. जुलैत पाऊस लागला आणि त्याच जागी गडगा ढासळला तो काकाच्या गोठ्यावर. गाय वाचली, गोठ्याची एक बाजू बसली. मामा म्हणे, फणसाची मुळं होती तोवर गडगा उभा होता, तू तोडलास, तू भोग. काका म्हणे, गडगा तुझा, गोठा माझा, भरपाई टाक. दीड वर्ष बोलणं बंद. चर्चमध्ये एक डावीकडच्या बाकांवर, दुसरा उजवीकडच्या. शांतीचा शुभसंदेश द्यायच्या वेळी दोघेही आपापल्या बाजूच्या खांबाला नमस्कार करतात असं आम्हा पोरांना वाटायचं.

शेवटी बाबांना मध्ये बोलावलं. कारण गावात दोन्ही घरी जेवणारा माणूस तेवढा एकच उरला होता. पहिल्याच दिवशी मामाने विचारलं, "तू खंयच्या बाजूक?" बाबा म्हणाले, "माजी बायल तुज्या घरची, माजा रगात तेच्या घरचा. माका बाजू खंय रवली?" दोन रविवार त्यांनी इकडून तिकडे खेपा घातल्या. काही झालं नाही. फणस परत उभा करता येत नव्हता आणि गोठ्याचा खर्च कुणीच उचलत नव्हतं. मग एका सकाळी खाणीवरून दीडशे चिरे आले. बाबांनी उधारीवर मागवलेले. उपासकाळ (ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस) चालू होता. रोज संध्याकाळी काम आटपून ते तिथे जात आणि एकटे गडगा रचत. चौथ्या दिवशी मामा दगड द्यायला आला. सहाव्या दिवशी काका. बोलले काही नाहीत. चिरा मात्र एकाच्या हातातून बाबांच्या हातात आणि तिथून दुसऱ्याच्या हातात जात होता.

आमच्या घरात मात्र तीन दिवस चूल गप्प होती. आईने शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे त्या चिऱ्यांत गेले. "भांडण त्यांचं आणि चिरे माझे?" असं ती म्हणाली, ते मला अजून ऐकू येतं. तिचंही चूक नव्हतं.

तर भगिनी, ख्रिस्ती माणूस मध्यस्थ म्हणतो तेव्हा त्याला हे म्हणायचं असतं. बोललेलं देवाला पोचत नाही, अशी त्याची तक्रार नसते. तुमचं तुळशीपाशी बोललेलं देव ऐकतो, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. अडचण मोडलेल्या गडग्याची आहे. आम्ही तिला पाप म्हणतो. झालेलं नुकसान 'जाऊ दे' म्हटल्याने हवेत विरत नाही, ते कुणीतरी अंगावर घेतं. ज्याने 'जाऊ दे' म्हटलं, बहुतेक वेळा त्यानेच. येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलेमोन नावाच्या ओळखीच्या गृहस्थाला एक छोटंसं पत्र लिहिलं, त्याच्या ओनेसिम नावाच्या गुलामासाठी. त्यात तो म्हणतो, याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, असंही सांगतो. किराणा दुकानाच्या वहीत दुसऱ्याची बाकी आपल्या नावावर चढवून घ्यावी, तसं. मला ते पत्र फार आवडतं. इतकं लहान आहे की पोस्टकार्डाच्या दोन बाजूंवर गिचमीड अक्षरात मावेल.

पण बाबांची गोष्ट एका ठिकाणी लंगडी पडते आणि तिथेच खरी मेख आहे. बाबा तिसरे होते. फणस त्यांचा गेला नव्हता, गोठाही त्यांचा मोडला नव्हता. आमच्या श्रद्धेप्रमाणे तिसरा कोणी नाहीच. ज्याचं नुकसान झालं तोच मध्ये येतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. हे वाक्य नीट वाचा. रागावलेल्या देवाला कुणी मनवतंय असं त्यात नाही. मनवायला देवच निघालाय. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी एक तरी पोर सांगायचं, "टीचर, देवबाप चिडलेला आणि येशू मधे पडला." मारक्या बापाच्या आणि पोरांच्या मधे आई पडते ना, तसं चित्र. मी दर वर्षी ते पुसायची, आणि जूनमध्ये नव्या तुकडीबरोबर ते परत यायचं. मोठ्या माणसांच्या डोक्यातही तेच असतं, ती फक्त उघड बोलत नाहीत.

म्हणून ख्रिस्त कोण, या प्रश्नावर चर्चने एवढी डोकेफोड केली. ४५१ साली खाल्किदोनच्या धर्मसभेने (बिशपांच्या परिषदेने) ठरवलं, तो खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही पूर्ण. निम्मा हा आणि निम्मा तो अशी भेसळ नव्हे. ईयोबाला हवा होता तसा, दोन्हीकडे हात पोचणारा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या ओवीत 'एकच मध्यस्थ' हे शब्द येतात (ओवी म्हणायची माझी जुनी सवय, बायबलात वचन म्हणतात), आणि लगेच पुढे 'ख्रिस्त येशू हा मनुष्य' असं येतं. मनुष्य हा शब्द तिथे मुद्दाम आहे.

एवढं वाचूनही तुम्हाला पटेल असं नाही, आणि तसा आग्रहही नाही. फक्त पुढच्या मिस्साला गेलात तर दलाल डोळ्यांपुढे आणू नका.

रत्नागिरीहून कायद्याचा एक विद्यार्थी लिहितो: "निष्पापाला शिक्षा देऊन दोषीला सोडायचं, याला कुठलं कोर्ट न्याय म्हणेल?"

कुठलंच म्हणणार नाही. रस्त्यावरून चाललेल्या एखाद्याला धरून आणून फाशी दिली आणि खुन्याला सोडलं, असं ते असेल तर तो अन्यायच.

तुम्ही कायदा शिकताय म्हणून सांगते. बायबल या एकाच गोष्टीसाठी वेगवेगळ्या ठिकाणची भाषा वापरतं. बाजारातली: मोल देऊन सोडवणं. मंदिरातली: यज्ञ. कोर्टातली: निर्दोष ठरवणं. घरातली: समेट. पुढे प्रत्येक काळाने आपल्याला जवळची ती उचलली. अगदी जुन्या धर्मपित्यांना ही मरणावर आणि सैतानावर मिळवलेल्या विजयाची गोष्ट वाटे. कॅंटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास देव माणूस का झाला, यावर ग्रंथ पुरा केला. त्याचा काळ सरदार-जहागीरदारांचा, म्हणून त्याला पापात मानभंग दिसला: देणं माणसाचं, फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून फेडणारा दोन्ही हवा. काही दशकांनी फ्रान्सचा धर्मपंडित आबेलार्ड म्हणाला, क्रुसावरचं प्रेम बघून माणसाचं काळीज पाझरतं, हेच मुख्य. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः वकिली शिकलेल्या कॅल्व्हिनने, कोर्टाची भाषा पक्की केली. तुमचा आक्षेप त्या भाषेला लागतो.

जुन्या मोठ्या धर्मसभांनी ख्रिस्त कोण हे ठरवलं, पण समेट नेमका कसा घडला याची एकच उपपत्ती सक्तीची केली नाही. त्यामुळे मला घरातली भाषा निवडायची मुभा आहे आणि मी ती घेते. आणखी एक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. बाबांना चिरे आणायला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून दिलेलं आणि हिसकावून घेतलेलं यांतला फरक कायद्यालाही कळतोच की.

मालवणातून एक निवृत्त शिक्षक विचारतात: "एकच मध्यस्थ म्हणता, आणि मग मरियेला, सांत आंतोनला नवस बोलता. हे एक कसं?"

सर, पकडलंत. आधी आमची, म्हणजे कॅथलिकांची, अधिकृत बाजू सांगते, मग घरची.

मे महिन्यात वाड्यावाड्यांत खुरसासमोर लदीन (आळवणीची सामूहिक प्रार्थना) होते. माझ्या लहानपणी ती लॅटिनमध्ये असायची. आमची एक म्हातारी ती सांगायची. अक्षर ओळख नव्हती, लॅटिन सगळं पाठ, आणि उच्चार पक्के मालवणी. तिच्या प्रत्येक ओळीवर आम्ही पोरं ओरडायचो. गंमत अशी की ओरडायची वाक्यं दोन होती. देवाचं नाव आलं की 'मिझेरेरे नोबिस', म्हणजे आमच्यावर दया कर. मरियेचं नाव आलं की 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. चण्यांकडे लक्ष लागलेलं असायचं (लदीन संपली की उकडलेले चणे मिळत), म्हणून कुणीतरी पोर चुकून मरियेला 'मिझेरेरे' म्हणे आणि म्हातारी सांगणं थांबवून डोळे वटारी. तिला पुस्तकी फरक ठाऊक नसेल, पण कुणाकडे काय मागायचं ते तिला पक्कं माहीत होतं. दया देवाकडे. मरियेकडे फक्त 'आमच्यासाठी बोल'. आजारी पडल्यावर मी तुम्हाला 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणते तेव्हा तुम्ही काही ख्रिस्ताची जागा घेत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ साली हे लिहूनच ठेवलंय की मरियेचं काम ख्रिस्ताची एकमेव मध्यस्थी झाकत नाही आणि कमीही करत नाही.

आता घरची बाजू. किल्ल्या हरवल्या की मी सांत आंतोनला मेणबत्ती बोलते. सापडल्या की लावते, नाही सापडल्या तर नाही लावत. हा सरळ व्यवहार आहे, आणि वर सांगितलेला दलाल मी मागच्या दाराने आत घेतलाय, हे मला कळतं. प्रॉटेस्टंट मंडळी यावर बोट ठेवतात ते उगाच नाही. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनच्या दवाखान्यामुळे तीही मंडळी आमच्या ओळखीची, त्यामुळे हा टोमणा मी लहानपणापासून खाल्लाय. उलट म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (म्हणजे मरियेलाच) हिंदू भाविक तेल वाहायला येतात, देवीची बहीण म्हणून. तिथे कोण कुणाचा मध्यस्थ, हे ठरवायला धर्मसभा बसवावी लागेल. मला ती गर्दी बघायला आवडते, एवढंच सांगते.

मालवणचाच एक तरुण, सध्या मुंबईत नोकरीला, लिहितो: "उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मध्यस्थ कुठे आहे? मुलगा परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, संपलं. येशूनेच सांगितलेली गोष्ट आणि तिच्यात मधला कोणीच नाही!"

शाब्बास. हा प्रश्न मला एकदा नववीतल्या मुलीने विचारला होता, आणि मी तिला 'पुढच्या रविवारी सांगते' म्हणून वेळ मारून नेली होती. तो पुढचा रविवार आज आला म्हणायचा.

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय सुरुवातीपासून वाच. परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे) कुरकुरतायत की हा पापी लोकांबरोबर जेवतो. त्यावर येशू तीन गोष्टी सांगतो. पहिलीत मेंढरू हरवतं, मेंढपाळ शोधायला जातो. दुसरीत नाणं हरवतं, बाई दिवा लावून, घर झाडून शोधते. तिसरीत मुलगा हरवतो आणि शोधायला कोणी जात नाही. दोनदा ऐकल्यावर तिसऱ्यांदा कान वाट बघतो, आता कोण जाणार? जायला हवं होतं थोरल्या भावाने. तो शेतात. परत आल्यावरही आत यायला तयार नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो, 'माझा भाऊ' म्हणत नाही. आमचे मामा-काका दीड वर्ष असेच बोलत होते, "तुमचो तो पावणो".

मग बाप काय करतो? लोकांच्या लक्षात राहते ती धाकट्याकडे घेतलेली धाव. पण तो दोनदा घराबाहेर येतो. दुसऱ्यांदा, भर जेवणावळीत पाहुण्यांना आत सोडून, थोरल्याची विनवणी करायला. यजमानाने पंगत टाकून अंगणात येऊन पोराची मनधरणी करायची, म्हणजे आपल्याकडेही लोक काय बोलतील! दोन मुलांच्या मधे उभा आहे तो बापच. आणि गोष्ट सांगणारा कुठे बसलाय? त्याच पापी लोकांच्या पंगतीत, ज्यावरून भांडण सुरू झालं. गोष्टीत मधला माणूस सापडत नाही म्हणतोस, कारण तो गोष्ट सांगतोय.

त्या नववीतल्या मुलीला आता स्वतःची मुलं आहेत. तिच्या वाचनात हे आलं तर, बाई गं, उशीर झाला.

देवगडहून एक वाचक: "कुमसार म्हणजे फादरला पाप सांगायचं. मग फादरही मध्यस्थच ना?"

फादर ख्रिस्ताच्या नावाने बोलतात, स्वतःच्या नाही. म्हणून 'मी तुला पापमुक्त करतो' याच्या पुढे लगेच पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, असं येतं. प्रॉटेस्टंट बंधू याची गरज मानत नाहीत, थेट देवापाशी कबूल करतात. मला स्वतःला माणसाच्या कानात बोलावं लागतं हेच बरं वाटतं, कारण देवापाशी मी पापं फार सावरून सांगते.

आरोंद्याहून एक गृहस्थ लिहितात: "मी ख्रिस्ती नाही, प्रश्न धर्माचाही नाही. दोन मोठ्या भावांत हापूसच्या कलमांवरून वाद आहे. दोघेही मला म्हणतात, तू मध्ये पड. पडू का? तुमचं सदर वाचतो म्हणून विचारतो."

पडा. पण मी पडले होते तशी पडू नका.

नोकरीत असताना माझ्या ओळखीच्या नणंद-भावजयींत बिनसलं. कारण आता आठवतही नाही, बहुधा पितळेचा एक हंडा. मी वडिलांची मुलगी, मला वाटलं हे आपल्या रक्तातच आहे. मी इकडचा निरोप तिकडे न्यायला लागले. नणंद म्हणाली, "तिला सांग, हंडा तिच्या माहेरून आला नव्हता." मी भावजयीला सांगितलं, "तिचं एवढंच म्हणणं आहे, की हंड्यात तिच्या आईची आठवण आहे." भावजय म्हणाली, "आईची आठवण? म्हातारीला शेवटी पाणी मी पाजलं." मी नणंदेला सांगितलं, "तुझ्या आईची सेवा केली म्हणून तिला हंड्याची माया." दोन महिने मी अशी दोन्हीकडे साखर पेरली. दोघी निवळल्या. मला मनात हार घातल्यासारखं झालं. मग फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जेवणाला त्या शेजारी-शेजारी आल्या आणि एकमेकींचे 'निरोप' पडताळून बघितले. सोरपोतेलाची वाटी हातात घेऊन दोघी माझ्याकडे वळल्या तो क्षण मी विसरू शकत नाही. त्यानंतर त्यांचं जमलं, हे खरं. पण माझ्याशी कुणीच चार महिने बोललं नाही.

बाबांनी कुणाचा निरोप पोचवला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो काय म्हणाला ते तुम्ही सांगू नका, 'चल, त्यालाच विचारूया' म्हणा आणि उठा. तुमचा हात दोघांपर्यंत पोचत नसेल, म्हणजे एकाच्या घरी तुम्ही पाणीसुद्धा पीत नसाल, तर आधी तिथे चार वेळा जाऊन या. कलमं किती, लावली कुणी, खत-फवारणीचा खर्च कुणी केला, हे कागदावर मांडा. खातेफोडीची भाषा पहिल्या दिवशी काढू नका. आणि शेवटी आकडा अडतोच, दोनपाच हजारांवर किंवा एखाद्या कलमावर. तो आकडा स्वतःच्या खिशातून भरायची तयारी आहे का, हे घरातून निघायच्या आधी बायकोला विचारून घ्या. बाबांनी विचारलं नव्हतं.

बैठक पावसाच्या आधी घ्या, मोहोर यायच्या वेळी नको, तेव्हा प्रत्येक फांदी सोन्याची दिसते. दोघांच्याही पडवीत बसू नका, तुमच्या पडवीत बसा. आणि चहा तुमच्याच घरचा ठेवा, नाहीतर कुणाच्या घरचा प्यायचा यावरून तासभर जाईल.